छतवालीचं पोट

रंगकामाच्या धंद्यात तिला सगळे छतवाली म्हणायचे. भिंती कोणीही रंगवतं, पण छत म्हटलं की भलेभले रंगारी खाली काहीतरी शोधायला लागतात. मान मोडते, खांदे भरून येतात, रंग डोळ्यांत उडतो. तिचे बाबा स्वतः जुने रंगारी. त्यांची मान छतांपायीच कायमची एका बाजूला कलली होती. लेक हाताशी आली तेव्हा त्यांनी तिला दारं, खिडक्या, फार तर भिंती अशी सोपी कामं दिली. तिनं आपणहून वर बोट दाखवलं. परांचीवर चढली, लांब दांडीचा रोलर उचलला आणि एका खोलीचं छत असं काढलं की बाबा खालून बघत राहिले. कुठे जोड दिसेना, कुठे रोलरचा पट्टा दिसेना. तेव्हापासून बाप-लेकीची वाटणी ठरली. छत तिचं, बाकी सगळं त्यांचं.

लग्नानंतरही काम सुटलं नाही. नवरा शाळेची बस चालवायचा. सकाळी मुलं पोचवली की दुपारपर्यंत मोकळा. त्यामुळे घरातलं निम्मं काम त्याच्याकडे होतं आणि त्याला त्याचं काही वाटत नव्हतं. तिसऱ्या त्या घरात सासूबाई. उभा जन्म लाँड्रीत इस्त्री करण्यात गेलेल्या, बोलायला कडक, बसायला मात्र कायम खुर्ची शोधणाऱ्या. पाठीला उशी लावल्याशिवाय त्यांना चहा जात नसे.

मग छतवालीला जुळं झालं. एक मुलगी, एक मुलगा. दोघंही अंगानं भरलेली, आवाजानं त्याहून भरलेली. शेवटच्या दिवसांत तिचं पोट एवढं पुढे आलं होतं की तिला स्वतःची पावलं दिसत नव्हती. बाळंतपण सुखरूप झालं आणि सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. पोट हळूहळू जाईल, असं जो तो म्हणत होता.

पोट गेलं नाही. वजन उतरलं, चेहऱ्यावरची सूज उतरली, हात पूर्वीसारखे सडसडीत झाले, पण पोट तसंच पुढे राहिलं. किराणा दुकानातल्या एका बाईनं तिला वाट करून देत मायेनं विचारलं, "कितवा महिना?"

"दोघांना बाहेर काढून बरेच महिने झाले," ती म्हणाली. "आता आत फक्त मी आहे."

दुकानदार हसला, ती बाई ओशाळली आणि छतवाली पिशव्या उचलून घराकडे निघाली. घरापर्यंत तिनं तोंडावर हसू ठेवलं.

पण दिसण्याचं दुःख तिला फारसं नव्हतं. ती घाबरली होती ती वेगळ्याच गोष्टीनं. पलंगावरून उठताना पोटाच्या मधोमध, बरगड्यांपासून बेंबीच्या खालपर्यंत, एक उंचवटा उभा राहायचा. उलट्या होडीचा कणा असतो तसा. उठून बसलं की तो नाहीसा व्हायचा. पहिल्यांदा दिसला तेव्हा ती तशीच पुन्हा आडवी झाली. तिनं नवऱ्याला हाक मारून दाखवलं. तो वाकून बघत म्हणाला, "दुखतंय का?"

"नाही. पण मधे काही नाहीच आहे असं वाटतं. धरायला कोणी नसावं तसं."

त्याच सुमारास बाबांना एका दवाखान्याच्या खोल्यांचं काम मिळालं. मुलं सासूबाई आणि नवऱ्याच्या हवाली करून ती गेली. किती दिवसांनी रंगाचा वास नाकात शिरला होता. डोक्याला फडकं बांधलं, शिडीच्या घोड्यावर चढली, रोलर रंगात बुडवला आणि वर धरला. पहिला पट्टा नीट गेला. दुसऱ्याला कंबर मागे वाकली. तिसऱ्याला पाठीत अशी कळ उठली की रोलर छतावरून घसरला आणि भिंतीवर भलामोठा पांढरा फराटा उठला. हात तर तेच होते. हातांत जोर होता. पण हात वर गेले की मधलं सगळं अंग ढिलं पडत होतं आणि भार एकट्या पाठीवर येत होता.

बाबांनी तिला खाली घेतलं, रोलर हातातून काढून घेतला आणि आपल्या कललेल्या मानेनं स्वतः वर चढले. ती खाली बादलीपाशी बसून राहिली. बापाला त्या वयात छत रंगवताना बघणं तिच्या फार जिव्हारी लागलं.

घरी येऊन तिनं कंबर कसली. तिच्या समजुतीत व्यायाम म्हणजे एकच: उताणं पडायचं, पाय कोणीतरी धरायचे आणि पडल्या पडल्या उठाबशा काढायच्या. नवऱ्यानं पाय धरले. ती दात-ओठ खाऊन उठत राहिली, रोज आदल्या दिवसापेक्षा जास्त. घाम निथळायचा. उंचवटा मात्र कमी व्हायच्या ऐवजी आणखी टोकदार दिसायला लागला आणि पाठ तर धुण्याचा पिळा झाल्यासारखी आवळून गेली. शेजारणीनं सांगितलं म्हणून पोटाला घट्ट पट्टा बांधून पाहिला. पट्टा असेपर्यंत बरं वाटायचं, सोडला की पोट जागच्या जागी. शेवटी तिनं हात टेकले.

मुलांना लस द्यायला दवाखान्यात नेलं तेव्हा तिनं तिथल्या नर्सबाईंना भीत भीत विचारलं. नर्सबाईंनी सगळं ऐकून तिला सरळ तळमजल्यावर धाडलं. तिथे एका लांबट खोलीत भिंतीला शिड्या ठोकलेल्या होत्या, कोपऱ्यात मोठे रबरी चेंडू होते आणि खेळाचे बूट घातलेली एक बुटकी बाई एका आजोबांना गुडघा वाकवायला लावत होती. व्यायामोपचार करणाऱ्या या बाईंचा आवाज त्यांच्या उंचीला अजिबात शोभत नव्हता.

त्यांनी छतवालीला गादीवर झोपवलं, गुडघे वाकवून पाय टेकवायला सांगितले आणि डोकं किंचित उचलायला लावलं. मग बेंबीच्या वर बोटं आडवी ठेवून दाबली. बोटं सहज आत गेली.

"बघा, चार बोटं मावतात इथे. तुमचा हात द्या."

छतवालीनं स्वतःची बोटं ठेवली. दोन्ही बाजूंना स्नायूंचे काठ लागत होते आणि मधे मऊ खोलगट जागा होती. तिनं बोटं झटकन मागे घेतली.

"फाटलंय का?"

"फाटलं काही नाही. पोटाचे दोन उभे स्नायू असतात, मधे एक पातळ पडदा त्यांना जोडतो. दोन पोरांना जागा करून द्यायला तो पडदा ताणला गेला, स्नायू बाजूला सरकले. पुष्कळ बायकांना होतं. बऱ्याच जणींचं आपोआप जवळ येतं, तुमचं पूर्ण आलं नाही. आजवर काय काय केलंत?"

तिनं उठाबशांचं सांगितलं. बाईंनी कपाळाला हात लावला.

"नवऱ्यानं पाय धरले होते? त्यांना सांगा, एवढी मदत नको. तुम्ही जोर लावत होतात आणि सगळा जोर त्या पडद्याला बाहेर ढकलत होता. आजपासून ते बंद. पलंगावरून सरळ उठायचंसुद्धा नाही. आधी कुशीवर वळायचं, मग हाताच्या आधारानं उठायचं. आणि आता श्वास घ्यायला शिकायचं."

"श्वास तर मी जन्मल्यापासून घेतेय."

"घेताय. सोडत नाही आहात."

तो धडा असा होता. नाकानं श्वास घ्यायचा, बरगड्या बाजूंना फुलू द्यायच्या. मग तोंडानं हळूहळू सोडायचा आणि सोडता सोडता खालून, लघवी अडवताना आवळतो तसं आवळायचं आणि बेंबीखालचं पोट अलगद आत घ्यायचं. दम कोंडायचा नाही, जोर करायचा नाही. बस्स, एवढंच. छतवालीला वाटलं, बाईंनी आपली चेष्टा चालवलीय. रंगाचे भरलेले डबे दोन्ही हातांत घेऊन जिने चढणारी ती, आणि तिला हे असलं हळुवार काम.

"पट्टा बांधू का?" तिनं विचारलं.

"आत एक पट्टा देवानं दिलाय, त्याला जागा करतोय आपण. फट पूर्ण बुजेलच असं वचन मी देत नाही. पण जोर येईल. तुमचं काम जोराचं आहे ना? मग फटीकडे नाही, जोराकडे लक्ष द्या."

घरी बैठकीच्या खोलीत चटई पडली. दुपारी मुलं झोपली की छतवाली पाय वाकवून आडवी व्हायची आणि डोळे मिटून श्वास सोडायची. सासूबाई पाठीला उशी लावून खुर्चीतून बघत. काही दिवस त्यांनी कळ काढली. मग त्यांच्यानं राहवेना.

"हा कसला व्यायाम गं? झोपलीस की तू."

"झोपले नाही, आई. पोट आत घेतेय."

"दिसत तर काहीच नाही."

"आत चाललंय."

सासूबाई 'हं' म्हणाल्या आणि त्यांनी भाजी निवडायला घेतली. पण भाजी हातात तशीच राहिली. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "ते मधे उभं राहतं म्हणतेस, ते कसं दिसतं?"

छतवालीनं मान उचलून दाखवलं. सासूबाई खुर्चीतून पुढे वाकल्या. मग उठल्या, दाराला कडी लावून आल्या, चटईच्या कडेला हात टेकत टेकत बसल्या आणि तशाच मागे कलंडल्या. त्यांनीही मान उचलली. लुगड्याच्या खालून, पोटाच्या मधोमध, तसाच कणा वर आला. सुनेपेक्षा उंच.

"मला वाटायचं, वायू आहे," त्या छताकडे बघत म्हणाल्या.

"कधीपासून आई?"

"तुझा नवरा धाकटा. तो झाला तेव्हापासून. त्याच्याआधी तिघं झालीच होती. लाँड्रीत ओल्या चादरींचे गठ्ठे उचलायचे असत. मला उचलवेनात. पाठ मोडून पडायची. म्हणून इस्त्रीवर बदलून घेतलं. सगळ्याजणी म्हणायच्या, हिला बसून काम पाहिजे. कामचुकार आहे. तुझे सासरेही म्हणायचे. मीच मग तसं धरून चालले."

एवढी वर्षं ही गोष्ट त्यांनी अक्षरशः पोटात ठेवली होती. छतवाली कुशीवर वळली आणि तिनं सासूबाईंचा हात धरला. लग्नानंतर पहिल्यांदाच धरला असेल. आतल्या खोलीत मुलगी रडायला लागली तेव्हाच तो हात सुटला.

पुढच्या खेपेला तळमजल्यावर दोघी गेल्या. सासूबाईंनी वाटेत तीनदा परत फिरायची तयारी केली. गादीवर झोपल्यावर त्यांनी पहिलीच गोष्ट सांगितली, "माझं आता वय झालं. मी हिच्या सोबतीला आलेय."

बुटक्या बाईंनी बोटं ठेवून पाहिलं. "आजी, स्नायूला जन्मतारीख कळत नाही. तुमची फट जुनी आहे, ती फारशी हलणार नाही. पण पाठीचं दुखणं कमी होईल आणि खुर्चीतून उठताना हात टेकावे लागणार नाहीत. एवढं चालेल?"

"म्हणजे मी आळशी नव्हते," सासूबाई म्हणाल्या. त्यांना उत्तर नको होतं. त्या स्वतःलाच सांगत होत्या.

दुसऱ्या दिवशी नवरा बस लावून घरी आला तेव्हा बैठकीच्या खोलीत चौघं ओळीनं उताणी पडली होती. एका कडेला आई, दुसऱ्या कडेला बायको, मधे दोन पोरं पाय हवेत उडवत. कोणीच उठेना.

"काय झालं?" त्यानं दारातच विचारलं.

"श्वास सोडतोय," त्याची आई म्हणाली. "तू चहा टाक."

त्यानं निमूटपणे चहा टाकला. पुढे तो रोजच त्या वेळेला यायचा आणि रोजच चहा टाकायचा.

जोर लगेच आला नाही. श्वासानंतर टाच सरकवणं आलं, मग एक गुडघा बाजूला सोडणं, मग दोन्ही हात वर नेऊन पाय उचलणं. प्रत्येक पायरीला छतवालीला पुढच्या पायरीची घाई. एकदा बाबा जिन्यात रंगाचा डबा ठेवून पाणी प्यायला आत आले, आणि तिनं मागे जाऊन तो डबा दम कोंडून उचलला. पाठ जागेवर धरली. दोन दिवस ती भिंतीला धरून चालली. सासूबाईंनी तिला चांगलंच फैलावर घेतलं.

"आधी श्वास सोड, मग उचल. किती वेळा सांगितलं त्या बाईंनी? लहान पोरांना कळेल, तुला कळत नाही."

"तुम्ही कधीपासून मास्तरीण झालात?"

"झालेय. वळ कुशीवर."

आणि खरोखरच त्या मास्तरीण झाल्या. मुलांना उचलायचं असो की पाण्याची बादली सरकवायची असो, स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "सोडलास का?" पोरगी बोलायला लागायच्या आधी तिला तोंडानं फू करता येऊ लागलं, ते यामुळेच. एके दिवशी छतवालीच्या ध्यानात आलं की चहा पिताना सासूबाईंच्या पाठीला उशी नाही. तिनं नवऱ्याला खूण केली आणि तोही मग कपाच्या आडून बघत राहिला.

छतवाली कामावर परतली ती आधी खालच्या कामांना. खिडक्यांच्या चौकटी घासल्या, पुट्टी भरली, भिंतींना रंगाचा पहिला हात दिला. छतं बाबाच करत होते. तिला ते बघवत नव्हतं, पण या वेळी तिनं घाई केली नाही. पायरी चढताना श्वास सोडायचा, डबा उचलताना सोडायचा, रोलर दाबताना सोडायचा. अंगवळणी पडत गेलं तसं तिला जाणवू लागलं की हात वर गेल्यावर आता मधलं अंग रिकामं राहत नाही. कोणीतरी आतून धरल्यासारखं वाटतं.

तेवढ्यात मोठ्या वाचनालयाचं काम आलं. वरून पाणी झिरपून तिथल्या मुख्य दालनाच्या छताचे पोपडे निघाले होते. छतही साधं नव्हतं. ओळीनं कमानी-कमानींचं, वाकलेलं, दोन मजल्यांइतकं उंच, आणि दोन्ही बाजूंच्या लांब खिडक्यांमधून त्याच्यावर तिरका उजेड पडायचा. अशा उजेडात एक जोड चुकला तरी सगळ्या गावाला दिसतो. कंत्राटदार कामाचा पक्का आणि तोंडाचा फटकळ. त्यानं बाबांची मान बघितली, लेकीकडे बघितलं.

"भिंती तुमच्याकडे ठेवतो. छताला दुसरी माणसं बोलावतो. बाळंतपणानंतर यांनी छत केलेलं नाही असं ऐकलंय."

"बरोबर ऐकलंय," ती म्हणाली. "कोपऱ्यातली एक कमान मला करू द्या. दुपारच्या उजेडात बघा. पसंत नाही पडली तर खरवडून मी माझ्या पैशानं परत करून देईन आणि छताचं नाव काढणार नाही."

कंत्राटदारानं खांदे उडवले.

परांचीवर चढताना तिनं प्रत्येक दांडा दोनदा चाचपला, हे बाबांखेरीज कोणाला कळलं नाही. वर पोचल्यावर ती काही वेळ नुसती उभी राहिली. बरगड्या फुलल्या, श्वास हळूच बाहेर गेला, पोट आत आलं. मग तिनं रोलर उचलला. वाकलेल्या छतावर रोलर एका दमात फिरवावा लागतो, मधे थांबलं की डाग. पहिला पट्टा, मग त्याच्या ओल्या काठावरून दुसरा, मग तिसरा. तिसऱ्याला तिनं पाठीतल्या कळेची वाट पाहिली. कळ आली नाही. खांदे भरून आले, मान दुखली, कपाळावर रंगाचे शिंतोडे उडाले, म्हणजे जे सगळ्यांचं दुखतं तेच दुखलं. तिला हसू आलं. खाली बाबा शिडीला धरून उभे होते. वरून हसण्याचा आवाज आल्यावर त्यांनी विचारलं, "काय गं?"

"काही नाही, बाबा. तुम्ही भिंत धरा. छत माझं आहे."

दुपारी उजेड तिरका झाला. कंत्राटदार दालनाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला, कमानीखाली थांबला, डोळ्यांवर हात धरून बघितलं, जागा बदलून पुन्हा बघितलं. त्याला काही सापडेना. मग त्यानं आपल्या माणसाला हाक मारली आणि सांगितलं, "त्या दुसऱ्या लोकांना फोन कर. नको म्हणावं." छतवालीला तो एक शब्दही बोलला नाही. जाता जाता बाबांना मात्र म्हणाला, "पोरीला शिकवलंय चांगलं."

"छत मी नाही शिकवलं," बाबा म्हणाले. "ते तिचं तिनं."

उरलेल्या सगळ्या कमानी तिनं केल्या. रोज संध्याकाळी घरी येऊन चटईवर पडायची, सासूबाई पोटावर बोटं ठेवून बघायच्या आणि समाधानानं मान हलवायच्या. काम संपल्यावर ती तळमजल्यावर गेली तेव्हा बुटक्या बाईंनीही बोटं ठेवून पाहिलं. दोन मावत होती.

"पूर्ण मिटली नाही," बाई म्हणाल्या. "पण आता बोटाखाली बघा, कसं टणक लागतंय. यावर तुम्ही घर उचलाल."

"घर नको," छतवाली म्हणाली. "छत पुरे."

पोट अजून थोडं पुढे होतं. जुने कपडे कंबरेला अडत होते. तिनं ते कपडे काढून बहिणीला देऊन टाकले आणि आपल्या मापाचे दोन नवे शिवून घेतले.

वाचनालय पुन्हा उघडलं त्या आठवड्यात सासूबाई म्हणाल्या, मला ते बघायचंय. नवऱ्यानं एका पोराला कडेवर घेतलं. दुसरं छतवाली घेणार तोच सासूबाईंनी हात पुढे केले. वाचनालयाच्या दाराशी दगडी पायऱ्या होत्या, चांगल्या उंच. नातवाला कडेवर घेऊन, प्रत्येक पायरीला तोंडानं फू करत, सासूबाई वरपर्यंत चढल्या. वर पोचून त्यांनी मागे वळून पाहिलं. सून आणि मुलगा अजून खालच्याच पायऱ्यांवर उभे राहून त्यांच्याकडे बघत होते.

दालनात लोक माना खाली घालून वाचत होते. खिडक्यांमधून तिरका उजेड येत होता आणि वर एकसारखं, शांत, दुधासारखं छत पसरलं होतं. सासूबाई मधल्या बाकावर बसल्या, नातू मांडीवर, मान वर. टेबलामागचा कर्मचारी उठून आला आणि हळू आवाजात म्हणाला, "आजी, कोणतं पुस्तक हवंय?"

"पुस्तक नको. छत बघायला आलोय. माझ्या सुनेनं रंगवलंय."

लाँड्रीतल्या यंत्रांच्या घरघरीत जन्म गेलेल्या बाईचा आवाज तो. अख्ख्या दालनाला ऐकू गेला. कर्मचाऱ्यानं ओठांवर बोट ठेवलं. छतवालीचे कान लाल झाले. पण एकेका टेबलावरून माना वर व्हायला लागल्या होत्या, आधी जवळच्या, मग लांबच्या, आणि कर्मचारीसुद्धा ओठांवर बोट तसंच ठेवून वर बघत उभा राहिला.

"एकटीनं," सासूबाई म्हणाल्या. या वेळी जरा हळू.